पाचशे घोड्यांची लाँड्री

गल्लीत तिला ‘वाफ’ म्हणत. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणात नव्हती. तोंडावर सगळे वहिनीच म्हणायचे. पण ती लाँड्रीच्या पायरीवर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की समोरचा चहावाला हळूच म्हणे, “वाफ धरलीय बरं का,” आणि उगाचच आपली भांडी विसळायला घेई. हे नाव तिच्या कानावर आलेलं होतं. तिला ते मनातून आवडायचंही. अर्धं आयुष्य वाफेच्या इस्त्रीसमोर काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

तिच्या नवऱ्याला गल्लीत जावईबापू म्हणत, आणि तेही सकारण. हा माणूस कधीही पाहा, सासुरवाडीला निघाल्यासारखा नटलेला. आज करडा सूट, उद्या निळा कोट, परवा असा काही सुळसुळीत शर्ट की बघणाऱ्याने हात लावून पाहावा. यातलं एकही कापड त्याच्या मालकीचं नव्हतं. गिऱ्हाइकाचा कपडा धुऊन, इस्त्री होऊन, नेण्यासाठी टांगलेला असायचा. तो कुणाच्या लग्नाला, बारशाला, नाहीतर नुसता चौकात फिरायला घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुऊन जागेवर टांगायचा. गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. त्याचा एकच नियम होता: ज्याचा कोट, त्याच्या समोर जायचं नाही. एकदा एका समारंभात कॉलरच्या मागे लाँड्रीच्या नंबराची चिठ्ठी तशीच लोंबत राहिली होती, आणि जेवणाच्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईंनी ती वाचून दाखवली होती. वाफेने त्या दिवशी घरी आल्यावर त्याची जी हजेरी घेतली, ती पलीकडच्या इमारतीतही ऐकू गेली. त्यानंतर तो चिठ्ठी काढून खिशात ठेवायला शिकला. सुधारणा म्हणाल तर एवढीच.

दुकान लांबट, बोळासारखं. पुढे काउंटर, मधे टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, मागे धुण्याची दोन मोठी यंत्रं आणि बॉयलर. बॉयलरच्या शेजारी इस्त्रीचं टेबल. तिथे तिची नणंद उभी असे. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी याच दुकानाच्या मिळकतीवर होत्या. वाफ गिऱ्हाइकं सांभाळायची आणि रफू करायची. रफूत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतला धागा ओढून ती ते असं भरायची, की मालकालाच भोक कुठे होतं ते शोधावं लागे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होतं हॉटेल. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, वेटरांचे कपडे, मॅनेजरचे सूट, सगळं यांच्याकडे यायचं. गल्लीतल्या शर्ट-पँटींवर दुकानाचं भाडं निघायचं, बस्स. पोट भरायचं ते हॉटेलवर. त्या कराराची मुदत दरवर्षी संपायची आणि दरवर्षी नव्याने सही व्हायची, आणि सही होईपर्यंत वाफेच्या घशाखाली घास उतरत नसे.

आता गाडीचं.

एक कंत्राटदार होता, जुनं गिऱ्हाईक. अंगापिंडाने थेट जावईबापूसारखा. त्यामुळे जावईबापू सगळ्यात जास्त कोट त्याचेच घालायचा. खांद्यात, बाहीत, कुठे म्हणून टाका घालायची गरज नाही. या कंत्राटदाराकडे एक काळी, लांबलचक, बुटकी गाडी होती. सुरू केली की दुकानाच्या काचा थरथरायच्या. पाचशे घोड्यांची ताकद, तो सांगायचा. एके दिवशी सूट न्यायला आला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला की गाडी विकायचीय, नव्या गाडीच्या मानाने कवडीमोलाने देतो, घरच्या माणसाला दिल्यासारखी.

घरच्या माणसाला! जावईबापू तिथेच वितळला. ज्याचा कोट आपल्याला बसतो त्याची गाडीही बसणार, असा हिशेब त्याने मनात केला असणार. त्याच आठवड्यात त्याने बायकोला न विचारता दुकानाची व्हॅन विकली, तिसऱ्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले, आणि संध्याकाळी ते काळं धूड दुकानासमोर आणून उभं केलं.

“ही कुणाची?” वाफेने विचारलं.

“आपली.”

“आणि आपली व्हॅन?”

तो हसला. “अगं, आता व्हॅन कशाला हवी? हिची डिकी बघ केवढी आहे!”

हातातला ओला टॉवेल तिने त्याच्यावर भिरकावला. तो त्याला लागला नाही, गाडीच्या टपावर पडला, आणि तो जावईबापू, तो निर्लज्ज माणूस, बायकोची समजूत काढायचं सोडून आधी टप पुसायला धावला. तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचा.

त्या दिवसापासून गाडीने घर खायला सुरुवात केली. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं लिटरला दहा किलोमीटर. गल्ली ते हॉटेल, हॉटेल ते गल्ली, मधे सिग्नल आणि खड्डे, यात ती लिटरला चारही देईना. आणि पेट्रोलही साधं नाही, महागातलंच लागायचं. साधं घातलं की आतून ठोके पडल्यासारखा आवाज यायचा आणि जावईबापूचा चेहरा पोर आजारी पडल्यासारखा व्हायचा. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याने स्पष्टच सांगितलं, “वहिनी, ही गाडी मोकळ्या रस्त्यावर लांब पळायला केलेली आहे. तुम्ही तिला दिवसभर इथून तिथे नाचवता. इंजिन तापायच्या आत बंद, परत चालू. ती पिणारच.”

“मग हिला व्यसनमुक्ती केंद्रात घाला,” वाफ म्हणाली.

पेट्रोलवर भागलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पुढची चाकं एका मापाची, मागची दुसऱ्या, त्यामुळे अदलाबदल करून टायर पुरवून वापरायची सोय नाही. झिजले की नवेच, आणि झिजायचे तरी किती लवकर! ब्रेकच्या चकत्या बदलायच्या झाल्या तेव्हा गॅरेजवाल्याने आकडा तोंडाने सांगितला नाही, कागदावर लिहून तिच्याकडे सरकवला आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. तेल वेगळं, विमा वेगळा. एकदा पुढचा दिवा गेला, तेवढ्या पैशांत दुकानातल्या सगळ्या दिव्यांचं वायरिंग नवं झालं असतं. गाडी घेताना स्वस्त मिळाली हे खरं होतं. ती का स्वस्त मिळाली ते कंत्राटदाराला माहीत होतं, आणि तो आता एका चिमुकल्या, डबीसारख्या गाडीतून सूट टाकायला यायचा. “शहरात हीच बरी,” तो वाफेलाच सांगायचा, वर दात दाखवून. त्याच्या कोटाच्या खिशात उकळतं पाणी ओतावं असं तिच्या कितीदा मनात आलं.

आणि व्हॅन! व्हॅनमध्ये दोन दांड्या होत्या. डावीवर हॉटेलचे कपडे, उजवीवर गल्लीतले. डोळे मिटून उतरवावेत, चूक होणार नाही. वाफेनेच त्या बसवून घेतल्या होत्या. या गाडीत दांडी बसवायची तर म्हणे आतलं कातडं फाटेल! त्यामुळे चादरींची गाठोडी डिकीत कोंबायची आणि कोट, सूट, वेटरांचे शर्ट, सगळे मागच्या सीटवर एकावर एक आडवे. वर जावईबापू सिग्नल सुटला की घोडे उधळवायचा, कारण बाजूला उभा असलेला कुणीतरी गाडीकडे बघत असायचा. मग पुढच्या सिग्नलला कचकन ब्रेक. असंच एकदा मागचा अख्खा ढीग घसरून खाली पडला, टाचण्या निघाल्या, चिठ्ठ्या सीटखाली गेल्या. त्याने त्या गोळा करून अंदाजाने पुन्हा लावल्या आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

कराराचे दिवस आले तेव्हा हॉटेलच्या मॅनेजरचा निरोप आला: यंदा दर कमी करावा लागेल, नाहीतर दुसरी लाँड्री बघतो. वाफ हादरली. आहे त्या दरातच ओढाताण होती.

“असं कसं एकदम?” तिने नवऱ्याला विचारलं. “तुम्हाला काही बोलला का तो?”

“तसं काही नाही.” तो चुळबुळला. “मागे एकदा गाडीपाशी आला होता. म्हणाला, लाँड्रीत बरंच सुटतं वाटतं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं... देवाची कृपा.”

नणंदेने इस्त्री उभी केली आणि भावाकडे पाठ फिरवली. देवाची कृपा! गाडीचं पेट्रोल, टायर, चकत्या, दिवे, हे सगळं तिने पोटाला चिमटा काढून भरलं होतं. आणि आता ती गाडी नुसती हॉटेलच्या दारात उभी राहूनही खात होती. ज्याला ती दिसत होती तो यांना श्रीमंत समजत होता, आणि श्रीमंताला कुणी दोन पैसे जास्त देतं का?

“उद्या मी येणार,” ती म्हणाली. “आणि आपण हातगाडीवर चादरी घालून जाणार. बघू दे त्याला आपण कोण आहोत ते.”

“अगं, कराराची बोलणी आहेत! जरा चारचौघांत शोभेल असं नको का जायला?”

“शोभा तर आता होणारच आहे.”

पण हातगाडी मिळाली नाही, वेळही नव्हता, आणि शेवटी दोघं गाडीतूनच निघाले. तो आतून तयार होऊन आला, करड्या सुटात. ती त्याच्याकडे पाहणार नव्हती, असं तिने ठरवलंच होतं. ती पेट्रोलच्या काट्याकडे पाहत बसली. दर सिग्नलला तिला वाटायचं, काटा खाली सरकला. आणि तिचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे. काट्यावरून नजर काढून तिने फक्त एकदा बाजूला पाहिलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

मॅनेजरची खोली छोटी, नीटनेटकी. त्याने त्यांना बसायला सांगितलं, पण दराचं काही काढलं नाही. खुर्चीमागच्या खुंटीवर एक करडा कोट टांगलेला होता, त्याकडे त्याने बोट दाखवलं.

“आधी मला हे सांगा, हा कोट कुणाचा? तुमच्याकडून माझा म्हणून आलाय. माझा नाही. मला खांद्यात घट्ट होतो. मग माझा कुठे आहे?”

वाफेने कोट पाहिला आणि लगेच ओळखला. कंत्राटदाराचा. अदलाबदल! इतक्या वर्षांत या दुकानातून कधी एका कपड्याची अदलाबदल झाली नव्हती. ती माफी मागणार, तेवढ्यात जावईबापू पुढे सरसावला.

“साहेब, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमचा कोट मी स्वतः शोधतो. आज संध्याकाळच्या आत तुमच्या हातात देतो. माझा शब्द!” आणि शब्द देताना त्याने टेबलावरून हात पुढे केला.

बाही सरकली. कफाच्या कडेला, बटणाच्या जरा वर, वाफेला रफू दिसली. दुसऱ्या कुणाला ती दिसलीच नसती. सिगारेटने पडलेलं भोक होतं. तीन आठवड्यांपूर्वी खिडकीपाशी बसून, आतल्या शिवणीचा धागा ओढून, तिनेच ते भरलं होतं. मॅनेजरच्या कोटावर.

याच्या खांद्यावर कोट जरा सैल आहे हेही तिला आता दिसलं. तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो हसतच राहिला. हात तसाच पुढे.

मॅनेजरने हात हातात घेतला, आणि सोडला नाही. त्याने मनगट हळूच उलटं केलं, सुलटं केलं. रफू त्याला दिसली नाही, ती दिसण्यासारखी नव्हतीच. पण बटणांपैकी एक त्याच्या बायकोने लावलेलं होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने.

“सापडला,” तो म्हणाला.

जावईबापूला अजून कळलं नव्हतं. चिठ्ठीवरच्या नंबरावरून त्याला वाटत होतं, आपण कंत्राटदाराचा कोट घातलाय. त्याने मान खाली घालून बाहीकडे पाहिलं, मग खुंटीकडे, मग बायकोकडे. बायकोने डोळे मिटून घेतले होते.

“काढा,” मॅनेजर म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “आता काढा. माझ्यासमोर.”

त्याने कोट काढला. खाली त्याचा स्वतःचा शर्ट होता. कॉलर विरलेली, आणि सगळा चुरगळलेला, गाठोड्यातून काढल्यासारखा. लाँड्रीवाल्याचा शर्ट! घरचे कपडे दुकानाच्या इस्त्रीखाली यायचे नाहीत, ती वाफ गिऱ्हाइकांची आहे, हा नियम वाफेचाच होता. इतकी वर्षं कोटाखाली काय आहे ते कधी दिसलंच नव्हतं. तिला त्याचा राग आला, आणि त्या रागातच मधे कुठेतरी स्वतःचाही आला, आणि मग त्या दुसऱ्या रागाबद्दल पुन्हा त्याचाच आला.

“गाडी तुमची,” मॅनेजर म्हणाला, “आणि कोट माझा. बरं आहे तुमचं. हा महिना पूर्ण करा. करार पुढे चालणार नाही.”

“साहेब, चूक माझी आहे, दुकानात माझी बहीण...”

“अहो, चला,” वाफ म्हणाली. बहिणीचं नाव त्या खोलीत तिला काढू द्यायचं नव्हतं.

येताना मोठ्या रस्त्यावर काट्याशेजारचा पिवळा दिवा लागला.

“पंपावर घ्यावी लागेल,” तो पुटपुटला.

“एक थेंब नाही,” ती म्हणाली. “आजपासून हिच्या घशात माझ्या घरातला एक थेंब जाणार नाही.”

गाडी कशीबशी दुकानाच्या दारापर्यंत आली आणि तिथेच दोन आचके देऊन थांबली. चहावाल्याने मान वर केली, वाफेचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने भांडी विसळायला घेतली.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तिने एकच उशीचा अभ्रा पुन्हापुन्हा इस्त्री केला. मग म्हणाली, “वहिनी, एक यंत्र तर बंदच करावं लागेल. मी दुसरीकडे बघते काम. पोरीचं शाळेचं वर्ष पूर्ण होईपर्यंत खोली तेवढी...”

“गप्प बसा, वन्सं!” वाफ इतक्या जोरात ओरडली की बॉयलरमागची मांजर पळाली. “तुम्ही कुठे जाणार नाही. त्यांच्या हौसेची भरपाई तुम्ही का करायची? उद्यापासून चादरी पिळायला ते उभे राहतील. आहेत ते कपडे तुम्ही करा. घरोघर जाऊन मी आणीन, पाठीवर आणीन, पण या टेबलावरून तुम्ही हलायचं नाही.”

नणंद रडायला लागली. वाफेला रडणं जमत नसे. तिने बॉयलरला एक लाथ घातली आणि पायाचं बोट धरून बसली.

गॅरेजवाला गाडी घ्यायला तयार झाला. त्याने जी किंमत सांगितली तीत एक जुनी, गंजकी व्हॅन येत होती, आणि वर दोन दांड्यांपुरते पैसे उरत होते. “फक्त माझ्या दारात आणून द्या,” तो म्हणाला.

सकाळी वाफेने नवऱ्याला हाक मारली. “शर्ट काढा.”

“कोणता?”

“अंगातला. तुमचाच आहे ना? की तोही कुणाचा आहे?”

त्याने काढून दिला. तिने तो टेबलावर पसरला आणि वाफ सोडली. इतका दाब दिला की एक बटण फुटलं. तिने दुसरं लावलं, त्याच रंगाच्या दोऱ्याने, आणि शर्ट त्याच्या अंगावर फेकला. तो अजून गरम होता. त्याने तसाच घातला.

बाहेर येऊन तो सवयीने गाडीत बसला, स्टिअरिंगपाशी.

“उतरा,” ती म्हणाली. “मागे जा. ढकला.”

ती स्वतः स्टिअरिंगपाशी बसली. मागे जावईबापू आणि त्याची बहीण. गाडी हलेना; असल्या धुडाला हलायला वेळ लागतोच. मग चहावाला आला, दोन-चार जण आले, आणि ते काळं प्रकरण चालू लागलं, आवाज न करता, गल्लीच्या टोकाकडे. खिडक्यांतून लोक बघत होते.

“वहिनी,” चहावाल्याला राहवेना, तो धापा टाकत म्हणाला, “अ‍ॅव्हरेज काय देते ही?”

“आज पहिल्यांदाच देतेय. गप्प ढकला.”

तिने आरशात पाहिलं. नवऱ्याचं डोकं खाली, दोन्ही हात डिकीवर. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. कॉलर विरलेली होती, पण कडक उभी होती, आणि आतून कसलीही चिठ्ठी लोंबत नव्हती. तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. गॅरेजचं दार आलं तसं तिने स्टिअरिंग वळवलं.